पार्लरमध्ये केस फार आखूड आणि वेडेवाकडे कापले गेले. खांद्यापर्यंत वाढवताना मध्ये ट्रिम करावेत की अजिबात कात्री लावू नये?

तुम्ही लिहिलंय की डावी बाजू कानाच्या पाळीशी थांबलीय, उजवी हनुवटीपर्यंत येते आणि मानेवर मशीन फिरवलंय. कात्री लावायची, हे आधीच सांगून टाकते. पण कुठे लावायची आणि कुठे मुळीच नाही, हे ज्याला कळतं त्याच्याच हातून. आणि शेवटी तुम्ही म्हणता, ‘घराखाली जेन्ट्स सलून आहे, पण न्हाव्याकडे काय जायचं.’ त्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

माझे वडील न्हावी. कराडला आमचं दोन खुर्च्यांचं दुकान, समोर आरसा, आरशावर संत सेना महाराजांची तसबीर. बायका दुकानात येत नसत. सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी अण्णा शटर अर्धं खाली ओढायचे आणि मला नि ताईला खुर्चीत बसवून केसांची टोकं कापून द्यायचे. मला उंची कमी पडायची म्हणून खुर्चीच्या हातांवर फळी टाकायचे. अकरावीपर्यंत माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

अकरावीत वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, ‘तुझे केस दाढीच्या दुकानात कापतात ना?’ पाचसहा जणी हसल्या. माझी वेणी तेव्हा कमरेपर्यंत होती आणि तिला एक फाटा फुटलेला नव्हता, पण ते कुणाला दिसलं नाही. २००२ सालचा डिसेंबर होता. भाऊबीजेचे पैसे मी जपून ठेवले होते. ते घेऊन घरी न सांगता पार्लरमध्ये गेले आणि स्टेप कट सांगितला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एका बाजूनं कापलं, मग दुसरी जास्त झाली, मग पहिली पुन्हा. बाई उठल्या तेव्हा डावी बाजू पाळीशी होती, उजवी जबड्याच्या कोपऱ्याशी, आणि मानेवर मशीन. आणि मे महिन्यात ताईचं लग्न ठरलेलं.

घरी आले तेव्हा आईनं डोक्याला हात लावला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी कंगवा आणला, डोक्यावर पाण्याचा हात फिरवला, भांग पाडला आणि दोन्हीकडचे केस खाली ओढून बघितले. मग डाव्या बाजूला बोटं आडवी धरली. ‘दोन बोटांचा फरक. ओले केस ओढून कापलेत. ओला केस ताणला की लांब होतो, सुकला की वर जातो. आणि कानावर ताण देऊन कापलं की तिथं भोक दिसतं. तू मान कुणीकडं वळवली होतीस?’ पार्लरमध्ये टीव्ही लावलेला होता आणि मी सगळा वेळ तिकडे बघत होते. हे त्यांना केसांवरून कळलं. त्या वेळी मला याचं काहीच वाटलं नाही. आज कुणी मला केशरचनेचे कोर्स सांगितले की मला ती दोन आडवी बोटं आठवतात.

त्या रात्री घरात तीन मतं पडली. आत्या म्हणाली, सरळ गोटा करा, सगळे एकसारखे येतील. ताई म्हणाली, मेपर्यंत केसांना कात्री लावायचीच नाही, जेवढे येतील तेवढे येऊ देत. अण्णा म्हणाले, मागचे आणि उजवीकडचे दर दीड महिन्यानं थोडे कापायचे, डाव्या बाजूला हात लावायचा नाही.

आत्याचं म्हणणं अण्णांनी एका वाक्यात मोडून काढलं. जावळ सोडलं तर आपल्या घरात पोरीच्या डोक्याला वस्तरा लागत नाही, म्हणाले. हे त्यांना त्यांच्या आजोबांकडून आलं होतं. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. आमच्या घरात ही गोष्ट लग्नाच्या गोष्टीसारखी सांगितली जाते. ज्या कामाचे पैसे मिळत होते ते काम आमच्या लोकांनी टाकून दिलं होतं. तेव्हा ‘न्हाव्याकडे काय जायचं’ असं म्हणताना जरा थांबा, एवढंच सांगायचं आहे. शिवाय गोटा केला असता तर मेपर्यंत माझ्या डोक्यावर सात सेंटीमीटर केस असते, ते वेगळंच. गोटा केल्यानं केस दाट येतात हेही खरं नाही. केसाचा बाहेरचा भाग निर्जीव असतो, वस्तरा फिरल्याचं मुळाला कळतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला भरघोस लागतं, आणि बाळाचं जावळ जाऊन दाट केस येतात ते वयानं येतात.

मी ताईचं ऐकलं. मला अण्णांच्या खुर्चीत परत बसायची लाज वाटत होती. त्यांना सोडून गेले होते ना.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, वर्षाचे साधारण बारा ते पंधरा. सगळ्या डोक्यावर जवळपास एकाच गतीनं. म्हणजे डावी बाजू तीन-साडेतीन सेंटीमीटर वाढली आणि उजवीही तेवढीच वाढली. दोन बोटांचा फरक दोन बोटंच राहिला. वेडेवाकडे केस नुसते सोडून दिले तर ते वेडेवाकडेच वाढतात, ही एवढी साधी गोष्ट कळायला मला तीन महिने लागले. मानेवरच्या केसांचं तर विचारू नका. ते मुळात कॉलरच्या जवळ उगवतात. डोक्यावरच्या भोवऱ्यातून निघणाऱ्या केसाला हनुवटी गाठायला जेवढं अंतर कापावं लागतं त्याच्या निम्म्यातच मानेवरचा केस कॉलरवर येऊन बाहेर वळतो. पुढून काहीच वाढ दिसत नव्हती, मागून शेपूट लोंबायला लागलं होतं आणि कानामागे दोन्हीकडे फुगवटे आले होते. मी दुपट्टा डोक्यावर घेऊन कॉलेजला जायचे, ऊन नसताना.

मार्चमधल्या पहिल्या सोमवारी मी स्वतःहून दुकानात जाऊन बसले. फळी लागत नव्हती. अण्णांनी शटर अर्धं ओढलं. ‘आता ऐकणार?’ एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मान साफ करायला घेतली. कोरड्या केसांवर काम केलं. आधी मानेवरचं शेपूट गेलं, मग कानामागचा फुगवटा उभ्या कात्रीनं हलका केला. उजव्या बाजूचं अर्धं बोट कापलं. डाव्या बाजूला कंगव्याशिवाय काही लागलं नाही. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला कुठल्याही पार्लरमध्ये कुणी सांगितली नव्हती. माझा मधला भांग मोडून त्यांनी तो डावीकडे, आखूड बाजूला सरकवला. तिकडे आता खालच्या मुळांचेच केस उरले, ते खालपर्यंत लोंबतात. बाकीचे केस डोक्यावरून वळसा घेऊन उजवीकडे जातात आणि त्या वळशात त्यांची लांबी खर्च होते. आरशात बघितलं तर फरक निम्मा झालेला. एकही जास्तीचा केस न कापता.

अशा तीन बैठका झाल्या. मार्च, एप्रिल, आणि लग्नाच्या आधी आठ दिवस. लग्नाच्या दिवशी फरक बोटापेक्षा कमी राहिला होता. नवरीचे वडील, हजार कामं, तरी पहाटे अण्णांनी मला बोलावलं, कपाळाजवळच्या दोन बटांना पीळ घातला, मागे नेऊन आकड्यांनी बसवल्या आणि त्या पिळावर गजरा आडवा बांधला. फोटोत तो गजरा कानापासून कानापर्यंत सरळ रेषेत आहे.

ताई आजतागायत म्हणते, ‘अण्णांनी मध्येमध्ये कापले नसते तर माझ्या लग्नात तुझा अंबाडा झाला असता.’ दर दिवाळीला अल्बम निघतो आणि दर दिवाळीला हे निघतं. मागच्या दिवाळीत माझ्या मुलीसमोर निघालं. म्हणून इथे एकदा हिशोब मांडतेच. डिसेंबरात माझ्या डाव्या बाजूचे केस साधारण दहा सेंटीमीटर होते. साडेपाच महिन्यांत जास्तीत जास्त सात आले. सतरा सेंटीमीटरचा अंबाडा होत नाही, गंगावन लावायचं म्हटलं तरी ते अडकवायला मागे बुचडा लागतो, तोही झाला नसता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डाव्या बाजूला अण्णांनी कात्री लावलीच नव्हती. सगळे केस एका ठिकाणी कधी पोहोचणार हे तुमचा सगळ्यात आखूड केस ठरवतो. लांब बाजू कापल्यानं ती तारीख एक दिवससुद्धा पुढे जात नाही. ताईला हे कागदावर लिहून दिलं तरी ती म्हणेल, कात्री लावली की केस लांबणीवर पडतात. लांब बाजूचे पडतात. ते तसेही दुसऱ्या बाजूची वाट बघत उभे असतात.

तुमच्याबद्दल. पाळी ते हनुवटी म्हणजे तुमचा फरक सहासात सेंटीमीटरचा, माझ्याहून जास्त. आधी एकदाच उजवी बाजू जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत आणून घ्या. वाईट वाटेल, पण आणा. मग दर सहा आठवड्यांनी मान आणि उजवी बाजू, साधारण एक सेंटीमीटर. डावीला हात नाही. सहा महिन्यांत दोन्ही बाजू हनुवटीच्या आसपास सारख्या होतील, तिथून खांद्यापर्यंत आणखी सहाएक महिने. एक वर्ष धरून चला. कुणी महिनाभरात सांगत असेल तर तो तुमच्याशी खोटं बोलतोय.

खुर्चीत बसल्यावर सांगायचं ते स्पष्ट सांगा: मान आणि कानामागचं साफ करा, उजवीकडचं अर्धं बोट, वरच्या आणि डाव्या केसांना हात नको, केस कोरडे असताना कापा. ‘लेयर्स मारून सारखं करून देते’ असं कुणी म्हणालं तर उठून या. लेयर्स म्हणजे आणखी आखूड केस, आणि मग वर्षाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आखूड केसांची जाण पार्लरपेक्षा पुरुषांच्या सलूनमध्ये जास्त असते, कारण ते दिवसभर मान आणि कान यांवरच काम करतात. घराखालच्या त्या दुकानात जा. संकोच वाटत असेल तर दुकान उघडायच्या वेळेला जा, किंवा त्यांना बंदच्या दिवसाचं विचारा. माझा दादा आता आमच्या दुकानात बसतो, त्याच्याकडे दर आठवड्याला अशा दोनतीन मुली येतात.

काय लावू विचारलंत. खोबरेल लावा, केस मऊ राहतात आणि तुटत नाहीत. माका, जास्वंद, कांद्याचा रस यांनी वाढीचा वेग दुप्पट झालेला मी आमच्या दुकानात तरी कुणाचा बघितला नाही, आणि दुकानात डोकी कमी आली नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचं आहे. पण तुमचे मुठीनं येत असतील, किंवा दोनतीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा कात्रीचा विषय नाही. डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड बघून घ्या. बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी तसं सांगा, त्यांनी थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आणि केस कुरळे असतील तर वरची सगळी मापं ओल्या केसांवर मोजू नका. पूर्ण सुकल्यावर, न ओढता, जिथे आपोआप थांबतात तिथे बोट आडवं धरा.