श्रीलंकेत सरकारच कोसळत होतं, मग २०२२ मध्ये भारताने एवढी मदत नेमकी कोणाच्या हातात दिली?

बरीचशी कोणाच्याच हातात नाही. ‘सुमारे ४ अब्ज डॉलर’ हा आकडा ऐकला की कोलंबोत नोटांची खोकी उतरली असं वाटतं. रोख म्हणावी अशी रिझर्व्ह बँकेची ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदल होती (डॉलर द्यायचे, बदल्यात त्यांचं चलन ठेवून घ्यायचं आणि मुदतीनंतर परत फिरवायचं), तीही तिथल्या मध्यवर्ती बँकेला. शिवाय आशियाई क्लिअरिंग युनियन, म्हणजे काही आशियाई देशांची आपसातला व्यापाराचा हिशेब मिटवण्याची व्यवस्था, तिच्यातली श्रीलंकेची देणी पुढे ढकलली गेली. उरलेल्यातला मोठा भाग क्रेडिट लाइनचा, म्हणजे ठरावीक खरेदीसाठी ठरावीक रकमेपर्यंतच्या उधारीचा.

मी काही वर्षं बँकेत एलसीचं (आयातदाराच्या वतीने पुरवठादाराला पैसे देण्याची बँकेची हमी) काम केलंय, म्हणून डिझेलचंच उदाहरण घेतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या एक्झिम बँकेने (आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) इंधनासाठी ५० कोटी डॉलरची लाइन दिली. जहाज तिकडे लागतं, डिझेल त्यांच्या पेट्रोलियम महामंडळाच्या टाक्यांत जातं, पण बिल इथली बँक इथल्याच पुरवठादाराला चुकतं करते. श्रीलंकेच्या खात्यावर फक्त कर्ज चढतं. मार्चमध्ये स्टेट बँकेने अन्न-औषधांसाठी दिलेले १ अब्ज डॉलर याच पठडीतले. मधल्या मध्ये कुणा मंत्र्याला हात मारायला रोकडच नाही!

म्हणून मे महिन्यात पंतप्रधान महिंदा राजपक्षे पायउतार झाले, जुलैत त्यांचे भाऊ, राष्ट्राध्यक्ष गोटाबाया मालदीवला पळाले, रनिल विक्रमसिंघे आले, तरी करार जागेवर राहिले. ते माणसाशी नव्हतेच.

हा दानधर्म होता असं मी म्हणणार नाही. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे आहे, हे दिल्लीत कोण विसरेल? पण ‘मदत देऊन लंका खिशात घातली’ हेही खोटं. भारताने चिंता व्यक्त करूनही ऑगस्टमध्ये चीनचं ‘युआन वांग ५’ हे टेहळणी जहाज त्याच बंदरात येऊन उभं राहिलं.

माझ्या मते सर्वांत कामाला आलं ते एक पत्र. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला श्रीलंकेला कर्ज द्यायचं होतं, पण आधी जुन्या सावकारांनी सवलतीची हमी द्यायला हवी होती. जानेवारी २०२३ मध्ये भारताने ती सर्वांत आधी दिली. चीनच्या एक्झिम बँकेने सुरुवातीला फक्त दोन वर्षांची मुदत देऊ केली होती, पुरेशी हमी मार्चमध्ये आली. मग २० मार्चला नाणेनिधीने चार वर्षांचं सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि ३३ कोटींच्या आसपासचा पहिला हप्ता सुटला.