गारांच्या तोफेला वर्गणी द्यायची का?

राम राम भाऊ. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. रावेर तालुक्यात तुमच्या शिवारातले केळीवाले वर्गणी काढून गारा फोडणारी तोफ घ्यायच्या बेतात आहेत. विकणारा म्हणतो, ढगांवर सरकारनेच सोलापुरात प्रयोग केलेत, तंत्र सिद्ध झालंय. तुम्ही विचारताय की पैसे घालावेत का.

माझं मत विचाराल तर घालू नका.

आधी सोलापूरचं बघू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा 'कायपिक्स' हा ढगांवरच्या प्रयोगांचा कार्यक्रम 2009 मध्ये सुरू झाला. त्याच्या चौथ्या टप्प्यात, 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात, सोलापूर भागातले 276 ढग तपासले. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या कांड्या जाळल्या आणि तिथून वारा जातो त्या बाजूच्या भागात सरासरी सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मोजला गेला. काम चांगलंच आहे, पण ते पावसाळी ढगातून जरा जास्त पाणी काढण्याचं आहे. गार अडवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. विकणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्यात.

तोफ करते काय, तर अॅसिटिलीनचा स्फोट करून आवाजाची लाट वर सोडते. अहो, वीज त्याहून कितीतरी मोठा कडाका करते आणि तोही ढगाच्या पोटातच. आवाजाने गार फुटत असती तर गडगडणाऱ्या ढगातून ती पडलीच नसती. ही कल्पना ऑस्ट्रियात 1896 च्या सुमारास द्राक्षवाल्यांनी उचलली, इटलीत हजारो तोफा लागल्या. मग 1902 ते 1904 या काळात सरकारी देखरेखीखाली चाचण्या झाल्या, तोफांच्या नाकासमोर गारपीट झाली आणि खूळ ओसरलं. आपल्याकडे हिमाचलच्या सफरचंदवाल्यांनीही तोफा बसवल्या, तरी तिथे बागांवर जाळ्या दिसतातच.

रॉकेटने सिल्व्हर आयोडाइड सोडायची पद्धत निदान विचाराने बरी होती. पुढच्या वेळी मोठी गार सापडली तर विळ्याने मधोमध कापून बघा. आत एकाआड एक दुधी आणि पारदर्शक कडी दिसतील. शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी ढगात भरपूर असतं, अगदी उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत. ते गारेवर आदळून लगेच गोठलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि कडं दुधी होतं. पाणी जास्त असलं की ते सावकाश गोठतं, हवा निसटते, कडं पारदर्शक होतं. सिल्व्हर आयोडाइडच्या कणांवर बर्फाचे नवे कण धरवून त्या पाण्याला वाटेकरी वाढवले तर प्रत्येक गार लहान राहील, असा तो हिशोब. स्वित्झर्लंडमध्ये 1977 ते 1981 अशी पाच वर्षं हेच तपासलं. कोणत्या दिवशी रॉकेट सोडायचं ते नशिबावर ठेवलं होतं, म्हणजे मनाजोगे ढग निवडायला वाव नाही. फवारलेल्या आणि न फवारलेल्या दिवसांत ठोस फरक निघाला नाही.

आता मुद्द्याचं. मे-जूनमध्ये आपल्या बागा आडव्या होतात त्या बहुतेक वाऱ्याने. गार पानं फाडते, घडाला डाग पाडते, पण निसवलेलं, म्हणजे घड लागलेलं झाड कंबरेतून मोडतो तो वारा. आणि तो वारा ढगच खाली सोडतो.

ढगाचा तळ किती उंच हे घरबसल्या काढता येतं. तापमानातून दवबिंदूचं तापमान (हवा थंड होताना ज्या तापमानाला दव धरायला लागतं ते) वजा करा आणि 125 ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. मेमध्ये 43 अंश तापमान आणि 18 दवबिंदू धरला तर तळ 3 किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात 29 आणि 24 असेल तर जेमतेम 600 मीटर. म्हणजे उन्हाळी ढगातला पाऊस 3 किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून खाली येतो. वाटेत तो आटतो आणि आटताना आजूबाजूची हवा थंड करतो, माठात होतं तसंच. थंड हवा जड, ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंनी पसरते. न्यूयॉर्कला 24 जून 1975 ला विमान पडलं, त्याच्या तपासातून हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी हा प्रकार उलगडला. पुढे 1982 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळच्या मोहिमेत दिसलं की जमिनीवर थेंबही न पडता असा वारा येऊ शकतो. तुम्ही म्हणता ना, 'पाऊस चार थेंब, पण बाग झोपली', ते हेच.

बाग पडली तर आवरायला घेण्याआधी झाडं कोणत्या दिशेला पडलीत ते बघा, फोटो काढा. सगळी एकाच अंगाला पडली असतील तर वारा दुरून सरळ आलेला. शेजारच्या चार-पाच शेतांत मिळून पंख्यासारखी पांगली असतील तर झोत तिथेच वरून उतरलेला. त्या झोताच्या मधोमध असाल तर काहीही टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कडेला असाल तर मात्र बांधावरची शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी कामाला येतात. आडोशाचा फायदा त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो. तोफेचे पैसे तिथे, बांबूच्या टेकूत आणि खोडाला मातीची भर देण्यात घाला. विमा असेल तर वाऱ्या-गारांचं नुकसान 72 तासांच्या आत कळवायचं, आणि त्याच फोटोंचा तिथेही उपयोग होतो.

पूर्वसूचनेसाठी त्याच पुण्याच्या संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे. जवळपास विजांची संख्या एकदम वाढायला लागली की ढग जोर धरतोय असं समजा. मजुरांना बागेतून आणि झाडाखालून हलवायला तेवढा वेळ पुरतो. रडारच्या चित्रावर फार विसंबू नका. रडार 250 किलोमीटर दूर असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा सगळ्यात खालचा किरणही तुमच्या डोक्यावरून साधारण 6 किलोमीटर उंचीने जातो, खालचा झोत त्याला दिसत नाही. सातपुड्यापलीकडे, सिहोर जिल्ह्यातल्या सिलखेड्याला, 2024 मध्ये वातावरण संशोधनाचं मोठं केंद्र सुरू झालंय. मध्य भारतातल्या ढगांवरचं तिथलं काम आपल्याही उपयोगाचं ठरेल असं वाटतं.

बैठकीला विकणारा येणार असेल तर त्याला एवढंच विचारा: चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दिवसांवर तुमच्या तोफेची चाचणी कुठे झाली, आणि तोफ बंद ठेवलेल्या दिवसांचे आकडे कुठे आहेत? काय म्हणतो ते इथे टाका.