बंद घरामागच्या बांधलेल्या कुत्र्याबद्दल

ताई, तुम्ही लिहिलंय की शेजारचं घर बंद आहे, मालक बोटीवर, परसात कुत्रा साखळीला, घर सांभाळणारे मामा संध्याकाळी भात टाकून जातात आणि हल्ली कुत्र्याच्या मानेला घाण वास येतोय. रात्री साखळी कापून आणू का आणि आणल्यावर काय घालू, हे तुमचे दोन प्रश्न.

गुपचूप आणू नका. मालकाने चोरीची तक्रार केली तर चौकीवर तुम्हालाच बसवतील, ते एक झालंच. पण गोव्यात अशी बहुतेक कुत्री दुष्टपणाने बांधलेली नसतात. घर रिकामं, राखणीला कुत्रा हवा आणि त्याचं बघणं कुणाच्याच वाट्याला नाही. हा नाहीसा झाला की त्याच साखळीला दुसरं पिल्लू येतं. म्हणून मालकाच्या तोंडून ‘न्या त्याला’ निघायला हवं.

मामांना धरून चाला, त्यांच्यावर ओरडू नका. त्यांच्या फोनवरून मालकाला व्हिडिओ कॉल लावा आणि कुत्र्याची मान दाखवा. ‘तुम्हाला तिथून बघता येत नाही, औषधपाणी आम्ही करतो’ असं म्हटलं की बरेच मालक सुटल्यासारखे हो म्हणतात. तो होकार मेसेजमध्ये लिहून घ्या, वॉर्डाच्या पंचांना साक्षीला ठेवा.

ऐकलंच नाही तर लेखी तक्रार, तारखेसकट फोटो जोडून. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड साखळी, सतत बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, हे सगळं येतं. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आणि हे गुन्हे अदखलपात्र, त्यामुळे चौकीवर फार उत्साह दिसणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते जनावराला मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी. नुसत्या हेळसांडीला ते लावणं कठीण, तेव्हा त्याची धमकी देऊन स्वतःचं वजन घालवू नका. उपयोगाचं आहे ते १९६० च्याच कायद्यातलं कलम ३५. त्याखाली न्यायदंडाधिकारी जनावराला उपचारासाठी हलवण्याचा हुकूम देऊ शकतात.

आता मान, आणि ही गोष्ट थांबणारी नाही. वास येतोय म्हणजे बहुधा पट्टा कातडीत रुतलाय, आणि या पावसात किडे पडले नसतील तर नवल. बाहेरून पट्टा दिसतही नाही. वर केस चिकटलेले असतात, चेहरा सुजून गोल होतो आणि कानांखाली ओली रेघ दिसते. साखळीची कडी सोडवायची, पट्ट्याला हात लावायचा नाही. तो डॉक्टर गुंगी देऊन काढतील. न्यायचा तर दोरी मानेत नको, छातीभोवती घ्या. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाईन ओतायला सांगणारे शेजारी भेटतीलच. किडे वर येतात हे खरं, पण उघडं मांस भाजतं आणि विष अंगात जातं ते वेगळंच. घरातली पॅरासिटामोलही देऊ नका.

इतक्या दुखण्यात तो चावला तर त्याचा दोष नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. २०१३ पासून इथे गावोगाव चाललेल्या लसीकरणाचं ते फळ. पण कुंपणाआडच्या या एका कुत्र्याला लस मिळाली असेलच असं धरून चालू नका.

खाण्याचं म्हणाल तर इथेच माया नडते. आजाऱ्याला पेज, हा आपला हिशेब उपाशी कुत्र्याला लागू पडत नाही. बऱ्याच दिवसांच्या उपासानंतर किंवा अर्धपोटी राहिल्यावर एकदम पोटभर भात, पेज पोटात गेली की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने पेशींत ओढलं जातं, आणि खाऊन उठलेला कुत्रा दोन-चार दिवसांत कोसळू शकतो. पहिल्या दिवशी त्याच्या गरजेच्या साधारण पाव भाग, तोही पाच-सहा वेळा विभागून: उकडलेलं अंडं किंवा कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, भात नावाला. मग तीन ते पाच दिवसांत हळूहळू पुरतं खाणं. पाणी मात्र कायम समोर. दूध नको. सुक्या बांगड्याची खारट डोकी तर नकोच नको.

हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर गोचीड-तापासाठी रक्त तपासून घ्या. एर्लिकिया (या तापाचा जंतू) निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं. चार दिवसांत शेपूट हलवायला लागला म्हणून गोळ्या बंद करू नका.

मोकळा झाल्यावरही तो काही दिवस साखळीच्या लांबीएवढ्याच वर्तुळात फिरेल, पुढे पाऊल टाकणार नाही. ओढू नका. वाटी रोज वीतभर पुढे सरकवा. त्याचं नाव काय, कुठल्या हाकेला येतो, हे मामांनाच विचारा; त्याला भात घालणारा तो एकच माणूस होता, पहिल्या आठवड्यात ते अधूनमधून येऊन बसले तर फरक पडतो. आंघोळ जखम भरल्यावर. निर्बीजीकरण वजन आणि रक्त दोन्ही जागेवर आल्यावर. त्याआधी त्यासाठी पूर्ण भूल देणं धोक्याचं.