पोलो जीटी टीएसआयची पॉवर वाढवायला एक्झॉस्टमधलं आधी काय बदलू : मफलर की डाउनपाइप?

डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून निघणारा धूर पुढे नेणारा पहिला पाइप. मागचा मफलर बदलून आवाज बदलेल, पॉवर जवळपास आहे तेवढीच राहील.

टर्बो गाडीत खरी अडवणूक टर्बाइनच्या (धुराच्या जोरावर फिरणारं टर्बोचं चाक) लगेच नंतर असते, म्हणजे डाउनपाइप आणि त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), जो धुरातले विषारी वायू कमी करतो. टर्बाइनच्या आधी आणि नंतरच्या दाबात जितका फरक, तितका टर्बो लवकर फिरतो. म्हणून 'टर्बोला थोडं बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये धुराला होणारा अडथळा) हवंच' हे गॅरेजवाल्यांचं आवडतं वाक्य सोडून द्या.

कॅट काढून टाकू नका. पीयूसीत अडकाल, शिवाय कायद्यातही बसत नाही. 200 सेलचा (दर चौरस इंचात 200 छिद्रं असलेला) हाय-फ्लो कॅट घ्या. घेताना पाइप हातात घेऊन बघा: ऑक्सिजन सेन्सरची जागा ओरिजिनलसारखीच आहे ना, वेल्ड आतून गुळगुळीत आहे ना, आणि इंजिनची थरथर झेलणारा जाळीदार फ्लेक्स (लवचिक जोड) आहे ना. फ्लेक्स नसलेला पाइप आज ना उद्या तडकतो.

रिमॅपशिवाय, म्हणजे ईसीयू या इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय, मात्र फार काही हाती लागणार नाही, कारण बूस्ट (टर्बो इंजिनात किती दाबाने हवा भरतो) ईसीयू ठरवतो. तेव्हा पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी रिमॅप. तुमची गाडी 1.2 लिटरची असेल तर तिचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा, त्याला झेपतो साधारण 250 एनएमपर्यंतचा टॉर्क. ट्यूनरला हे आधीच सांगा.