'शेजवान'मधले चार कोण? नद्या नव्हेत

प्रश्न असा आला आहे: "शेजवान हा शब्द चीनच्या सिचुआन प्रांतावरून आला आणि सिचुआन म्हणजे 'चार नद्यांचा प्रदेश', असं वाचलं. म्हणजे आपल्या पंजाबसारखंच का? आणि मराठीत हे नाव लिहायचं कसं?"

पहिली गोष्ट खरी आहे. 'शेजवान' सिचुआनवरूनच आला. चार नद्यांची गोष्ट मात्र मागाहून जुळवलेली आहे, आणि ती खोडून काढावीशी वाटते ती एवढ्यासाठी की खरी हकीकत कितीतरी जास्त रंजक आहे.

नाव दोन अक्षरांचं. 'स्स' म्हणजे चार, यात वाद नाही. घोळ होतो तो 'छ्वान'मध्ये. चिनी लिपीत हे अक्षर म्हणजे तीन उभ्या रेघा, वाहत्या पाण्याचं चित्र. मूळ अर्थ प्रवाह, नदी. साहजिकच चार आणि नदी अशी बेरीज कुणीही करेल. पण डोंगरांमधल्या सपाट मुलखालाही छ्वानच म्हणतात, आणि ८ व्या शतकापर्यंत तर तो या भागाच्या सरकारी नावाचा तुकडा होऊन बसला होता. थांग राजवटीत, इ.स. ७५७ मध्ये, इथल्या ज्येननान विभागाचे दोन भाग झाले: तोंगछ्वान म्हणजे पूर्व छ्वान आणि शीछ्वान म्हणजे पश्चिम छ्वान. इथे नद्या मोजण्याचा प्रश्नच नाही.

पुढे ९६५ मध्ये सोंग सम्राटाने हा प्रदेश जिंकला. इथला खजिना राजधानी खायफंगला गेला, चहाच्या व्यापारावर सरकारने हात ठेवला आणि लोक भडकले. ९९३ मध्ये वांग श्याओपो याने बंड पुकारलं. तो लढाईत पडल्यावर त्याचा मेहुणा ली शुन पुढे झाला आणि ९९४ मध्ये त्याने थेट इथलं मुख्य शहर छंगतू घेतलं. ते बंड मोडतंय तोवर १००० मध्ये तिथल्या फौजेनेच उठाव केला. एवढा मोठा, श्रीमंत आणि डोंगरांनी वेढलेला मुलूख एकाच अधिकाऱ्याच्या हाती नको, हे दरबाराला कळायला आणखी काय हवं होतं? १००१ मध्ये त्याचे चार 'लू' केले: यीचौ, त्सचौ, लीचौ आणि ख्वेचौ. लू म्हणजे आपल्याकडचा सुभा म्हणा. या चौघांना मिळून म्हणत 'छ्वान-श्या चार लू', त्यातला श्या म्हणजे यांगत्सेच्या घळींचा भाग. रोजच्या कागदपत्रांत एवढं लांब नाव कोण लिहिणार? ते आखडून 'स्सछ्वान' झालं. मराठ्यांच्या कागदांत 'दक्षिणचे सहा सुभे' येतं, तसे हे 'छ्वानचे चार सुभे'. युआन राजवटीत अख्ख्या प्रांताला हेच नाव मिळालं आणि तेच टिकलं.

पडताळा हवा असेल तर चार नद्यांची नावं विचारून पाहा. मिन, थ्वो आणि च्यालिंग या तीन बहुतेक जण सांगतात. चौथीला कुणी यांगत्से म्हणतं, कुणी वू, कुणी यालोंग. पंजाबच्या पाच नद्यांबद्दल असा गोंधळ होत नाही. आधी आकडा ठरला आणि मग नद्या शोधल्या, असं इथे झालेलं दिसतं.

म्हणजे 'सिचुआन' हे नाव जेमतेम हजार वर्षांचं, आणि तेही सरकारी दप्तरातून आलेलं. मातीतली नावं दोन: पूर्वेला पा आणि पश्चिमेला, छंगतूच्या मैदानात, शू. इ.स.पू. ३१६ मध्ये छिन राज्याने दोन्ही राज्यं गिळली. ('चीन' हे आपलं नाव या छिनवरूनच आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.) त्यानंतर इ.स.पू. २५६ च्या सुमारास छिनचा अधिकारी ली पिंग याने तूच्यांगयेन इथे मिन नदीचे दोन फाटे केले. धरण न बांधता, पात्रात माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून. ते पाटाचं पाणी आजही शेतात जातं.

शू लोकांची स्वतःची लेखी कागदपत्रं आपल्या हाती नाहीत. ४ थ्या शतकात तिथल्याच छांग छू नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं की शूचा पहिला राजा त्सानत्सोंग याचे डोळे 'उभे' होते. वाचणारे याला दंतकथा समजून पुढे जात. मग १९८६ मध्ये छंगतूच्या उत्तरेला सानशिंगत्वे इथे दोन खड्डे सापडले, तीन हजार वर्षांहून जुने. त्यांत १३८ सेंटिमीटर रुंदीचा एक ब्राँझचा मुखवटा होता, आणि त्याची बुबुळं नळकांड्यासारखी पुढे आलेली! त्सानत्सोंग तो हाच, असं छातीठोक कुणी म्हणू नये. पण ते वाक्य आता दंतकथा म्हणून ओलांडता येत नाही.

शू हे नाव आपल्याही जवळचं आहे. हान सम्राट वू याचा दूत चांग छ्येन बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानापर्यंत, गेला होता. इ.स.पू. १२६ मध्ये परत आल्यावर त्याने सांगितलं की तिथल्या बाजारात मला सिचुआनमधल्याच छ्योंगच्या बांबूच्या काठ्या आणि शूचं कापड दिसलं. कुठून आणलं म्हणून विचारलं तर व्यापारी म्हणाले, शेनतूहून. शेनतू म्हणजे सिंधू, म्हणजे भारत. शूचा माल चिनी दरबाराला पत्ता नसलेल्या वाटेने आधीच भारतात पोचत होता! सम्राटाने ती वाट शोधायला माणसं पाठवली, पण युन्नानकडच्या टोळ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही.

आता चटणीकडे. लाल मिरची अमेरिकेतून आलेली, आणि सिचुआनमध्ये तिच्या नोंदी मिळतात त्या १८ व्या शतकापासून. पण छांग छू यानेच लिहिलंय की शूच्या लोकांना झणझणीत आणि सुगंधी चव प्रिय. मिरची नसताना झणझणीत कशाने? आलं, आणि मुख्य म्हणजे ह्वाच्याओ, जिभेला मुंग्या आणणारी फळं. कोकण-गोव्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको, कारण बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ त्याच कुळातलं, वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती (जीनस) एकच. आपल्या गाड्यांवरच्या शेजवान चटणीत मिरची आणि लसूण भरपूर असते, ह्वाच्याओ सहसा नसतोच. त्या अर्थाने अस्सल शू चव मालवणी कालवणात जास्त सापडेल.

राहिलं लेखन. 'शेजवान' हे रूप चिनी उच्चारातून आलेलं नाही. चीनच्या टपालखात्याच्या जुन्या रोमन लेखनात या नावाच्या सुरुवातीलाच एस आणि झेड जोडून येत, त्या अक्षरांवरून आपल्याकडे हा उच्चार रुळला. मूळ उच्चाराच्या जवळचं 'स्सछ्वान', पण ते वाचताना जीभ अडखळते. मी प्रांतासाठी 'सिचुआन' आणि चटणी, राईस, नूडल्ससाठी 'शेजवान' लिहिते. खाण्याचा शब्द मराठीत पक्का रुजलाय, तो 'शुद्ध' करायच्या भानगडीत पडू नये. इतिहासावर लिहीत असाल तर १००१ च्या आधीच्या काळासाठी 'पा' आणि 'शू' हीच नावं वापरा.