गडगा ओलांडणारी राणी

प्रश्न : आमची राणी दहा महिन्यांची लॅब्रेडॉर, वजन 34 किलो. आवार चिऱ्याचं आहे. बागेचा गडगा ती एका उडीत ओलांडते, ते पाहून मुलाने तिला अ‍ॅजिलिटीसाठी, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीसाठी, तयार करायचं मनावर घेतलंय. ओळखीचे म्हणतात, त्या खेळाला बॉर्डर कॉलीच हवा, लॅब नुसता खातो आणि लोळतो. खरं काय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : घड्याळ लावलंत तर कॉली पुढे जाणार, एवढं ओळखीच्यांचं बरोबर आहे. पण लॅबही हा खेळ मनापासून आणि चांगला खेळतो. त्याला माणसाबरोबर काम करायची ओढ असते, आणि खाऊसाठी तर तो काहीही शिकतो. त्या अधाशीपणाचं मूळ बऱ्याच लॅबमध्ये जनुकातच सापडलं आहे, तेव्हा राणीला दोष देऊ नका. शिकवताना त्याचा उपयोग करून घ्या.

मला काळजी आहे ती गडग्याची. तो आजपासून बंद करा.

मी हे कळवळून लिहिते, कारण माझ्या पहिल्या लॅबला, बंड्याला, मी अकराव्या महिन्यातच दोन फुटांच्या काठीवरून उड्या मारायला लावल्या होत्या. खाली चिरा. एके दिवशी सकाळी तो ओटीच्या पायऱ्या चढताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकू लागला, सशासारखा. एक्स-रेत खुब्याचा सांधा सैल निघाला. हा दोष लॅबमध्ये आनुवंशिक असतो. उड्यांनी तो निर्माण झाला नाही, पण त्याचं दुखणं मी वाढवलं. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांची टोकं भरायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 18 महिन्यांखालचा कुत्रा घेत नाहीत तो याचसाठी. मोठ्या गटात अडथळा 60 सेंटिमीटरपर्यंत असतो. उड्या सुरू करण्याआधी राणीच्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्याच.

वजनाचं तर लगेच बघा. लॅबची पूर्ण वाढलेली मादी साधारण 25 ते 32 किलोची असते, राणी दहाव्या महिन्यातच त्याच्या पुढे गेली आहे. तिच्या बरगड्यांवरून हात फिरवा. तळहात खाली करून हात सपाट पसरल्यावर त्याच्या मागच्या बाजूला हाडं लागतात तशा त्या हाताला लागायला हव्यात. लागत नसतील तर दूधभात कमी करा. बक्षिसाचा खाऊ रोजच्या जेवणातूनच काढायचा. उकडलेल्या मासळीचा बिनकाट्याचा, नखाएवढा तुकडा पुरतो.

तोवर मुलाने हात बांधून बसू नये. जुन्या होडीची रुंद फळी जमिनीवर टाका आणि तिच्या दोन्ही टोकांना हातभर पिवळा रंग द्या. खऱ्या खेळातही चढ-उताराच्या फळ्यांच्या टोकाचा भाग वेगळ्या रंगाचा असतो, आणि उतरताना निदान एक पंजा तिथे पडावाच लागतो. राणीला फळीवरून चालवत न्या, रंगावर पाय पडला की लगेच तुकडा. बंड्यानंतरची माझी चिमी हे चार दिवसांत शिकली, आणि पुढे तर रंगावर पाय ठेवून माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. काठ्या जमिनीवर आडव्या ठेवून त्यांच्यावरून नुसतं चालवा. तुम्ही डावीकडे वळलात की तिनेही वळायचं, हेही आत्ताच शिकवा. बारा काठ्यांमधून नागमोडी पळणं मात्र हाडं भरल्यावरच.

जागा म्हणाल तर ओहोटीची ओली, घट्ट पुळण. चिऱ्यावर नको, कोरड्या भुसभुशीत वाळूतही नको. वेळ पहाटेची, एका वेळी पाच-सात मिनिटं. लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या बर्फगार पाण्यात कोळ्यांच्या जाळ्यांवर राबणारे, म्हणून त्याची दाट दुहेरी लव थंडीसाठी आहे. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, आणि आपल्या दमट हवेत तोंडातला ओलावा लवकर वाळत नाही. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली की खेळ थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या. समुद्रात डुंबली तर घरी गोड्या पाण्याने धुऊन कान कोरडे करा.

आणि गडग्यापाशी आजच माडाची झापं उभी बांधा, म्हणजे तिला पलीकडचं दिसणारच नाही.