यादीत कोण नाही, ते आधी बघ

चि. मुलीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि प्रबंधाचा आराखडा, दोन्ही मिळालं. इंडोनेशियातला आचेह प्रांत निवडलास याचा मनापासून आनंद झाला. पण आराखड्यातला निम्मा मजकूर हेलसिंकीतल्या वाटाघाटींवर आहे आणि तिथे मध्यस्थी करणारे फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्ती अहतिसारी यांच्यावर तर एक आख्खं प्रकरण. ते कमी कर, असं मी स्पष्टच सांगेन. अहतिसारी मोठा माणूस, त्यात वाद नाही. पण इंडोनेशियाचं सरकार आणि आचेहचे बंडखोर यांच्यात 15 ऑगस्ट 2005 ला झालेला शांतता करार का टिकला, याचं उत्तर तुला फिनलंडमध्ये फार थोडं सापडेल.

त्सुनामीनं शांतता आणली, हे वाक्यही काढून टाक. स्वतंत्र आचेहसाठी 1976 पासून लढणारी बंडखोर संघटना ‘गाम’ आणि जकार्तातलं सरकार यांच्यात पुन्हा संपर्क सुरू झाला तो 26 डिसेंबर 2004 च्या, म्हणजे त्सुनामीच्या, आधी. मे 2003 मध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर गामचं कंबरडं मोडत आलं होतं, आणि युसुफ काल्ला उपराष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी हा प्रश्न सोडवायचाच असं मनावर घेतलं होतं. लाटेत आचेहमधली दीड लाखांहून अधिक माणसं गेली; त्या दुःखानं दोन्ही बाजूंवरचा दबाव वाढला, हे खरं. पण तीच लाट श्रीलंकेवरही आदळली होती. तिथलं युद्ध 2009 पर्यंत चाललं आणि कसं संपलं, ते तुला ठाऊक आहे.

मग करार टिकला कशानं? माझ्या मते कलमांच्या रचनेनं. 2002 च्या डिसेंबरातला युद्धविराम पाच महिन्यांत मोडला होता, कारण आधी शस्त्रं कोणी खाली ठेवायची यावरच घोडं अडलं. या वेळी गामनं 840 शस्त्रं चार टप्प्यांत द्यायची आणि त्याच टप्प्यांनी बाहेरून आणलेलं सैन्य आणि पोलीस परत जायचे, असं ठरलं. मागे किती राहतील तेही लिहून ठेवलं: 14,700 सैनिक, 9,100 पोलीस. युरोपीय संघाचे आणि आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या पाच देशांचे निरीक्षक मोजायला हजर. बांदा आचेहच्या ब्लांग पादांग मैदानात जमा झालेल्या बंदुका लोकांच्या डोळ्यांदेखत कापल्या गेल्या. डिसेंबर संपता संपता दोन्ही बाजूंचा हिशेब पुरा झाला होता.

दुसरं महत्त्वाचं कलम स्थानिक पक्षांचं. इंडोनेशियात पक्ष म्हणजे देशभर शाखा असलेला पक्ष. प्रांतापुरत्या पक्षाला कायद्यात जागाच नव्हती. ती आचेहपुरती करून दिली. असे पक्ष रिंगणात उतरण्याआधी, डिसेंबर 2006 च्या निवडणुकीत, अपक्षांनाही उभं राहू दिलं आणि गामचे इरवांदी युसुफ गव्हर्नर झाले. हा माणूस त्सुनामीच्या वेळी बांदा आचेहच्या तुरुंगात होता. लाटेनं तुरुंग फोडला म्हणून वाचला. 2009 मध्ये गामच्याच लोकांच्या ‘पार्ताई आचेह’नं प्रांतिक विधिमंडळातल्या 69 पैकी 33 जागा जिंकल्या. आणि अपक्षांना मुभा देण्याची जी सवलत आचेहला मिळाली, तिचाच दाखला पुढे देशभरासाठी उपयोगी पडला: 2007 मध्ये घटना न्यायालयानं स्थानिक निवडणुकांत अपक्षांना सगळीकडे वाट मोकळी केली. बंडखोर प्रांताला दिलेल्या सवलतीतून अख्ख्या देशाची निवडणूक पद्धत बदलते, यावर तू एक प्रकरण लिहिलंस तर मला फार आवडेल.

आता मला खरोखर सांगायचंय ते. करारात गामच्या सैनिकांचा आकडा आहे 3,000. प्रत्यक्षात लढलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त होती. गामनं नावांची यादी द्यायला नकार दिला, आणि त्यांच्या जागी मीही दिली नसती; काल-परवापर्यंत ज्यांच्यापासून लपायचं, त्यांच्या हातात नावं कोण देईल? मग पुनर्वसनाचे पैसे कमांडरांमार्फत वाटले गेले. खाली येईपर्यंत वाटणी पातळ होत गेली. कमांडर कंत्राटदार झाले, आमदार झाले. दूरच्या गावातल्या पोराच्या हाती फारसं काही लागलं नाही. आणि ‘इनोंग बाले’, म्हणजे गामच्या स्त्री सैनिक, त्या 3,000 मध्ये धरल्याच गेल्या नव्हत्या. रसद पोचवली, निरोप नेले, बंदूक चालवली. शांतता झाली तेव्हा त्यांचं नाव कुठेच नाही. ज्या दिवशी तुला अशी एखादी बाई भेटेल, त्या दिवशी वहीतले तुझे प्रश्न बाजूला ठेव आणि तिला बोलू दे.

पैशाचीही अशीच नीट चौकशी कर. आचेहला तेल आणि वायूच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा मिळाला, शिवाय 2008 पासून वीस वर्षांचा विशेष स्वायत्तता निधी. एवढा पैसा येऊनही आचेह सुमात्रातल्या सर्वांत गरीब प्रांतांत मोडतो. 2018 मध्ये इरवांदींना अटक झाली ती याच निधीतल्या लाचखोरीवरून, आणि पुढे शिक्षाही झाली. हे वाचून करार फसला असं लिहू नकोस. पुन्हा युद्ध झालेलं नाही, आणि ज्यांच्या घरातली माणसं रात्री उचलून नेली जात होती, त्यांच्यासाठी ही काही लहान गोष्ट नाही.

न्यायाचं खातं मात्र रिकामंच आहे. करारात मानवाधिकार न्यायालय होतं, सत्यशोधन आयोग होता. न्यायालय झालं नाही. आयोग ज्या राष्ट्रीय कायद्यावर उभा राहायचा, तो डिसेंबर 2006 मध्ये रद्द झाला. आचेहनं 2016 मध्ये स्वतःच्या बळावर आपला आयोग नेमला. पिदी जिल्ह्यातलं ‘रुमोह गेउदोंग’ हे घर नव्वदच्या दशकात लष्कराचं छळकेंद्र होतं. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो तिथे पीडितांना मदत जाहीर करायला आले, आणि त्यांच्या येण्याआधी त्या घराचे उरलेसुरले अवशेष पाडून टाकण्यात आले. मला याचा अजून संताप येतो. तुलाही आला तर तो प्रबंधातून गाळू नकोस, फक्त पुरावा पक्का दे.

तुलनेसाठी कंबोडिया नको, फिलिपिन्समधला मिंदानाव घे. तिथे मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटच्या 40,000 सैनिकांनी शस्त्रं ठेवायची होती. सुमारे 26,000 जणांनंतर 2025 मध्ये संघटनेनं हात आखडता घेतला: आधीच्यांना कबूल केलेली मदत द्या, मग पुढचे. आचेहमध्ये यादी लपवली गेली, तिथे यादी दिली आणि पुढचं अडलं. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवलीस की तुझा प्रश्न आपोआप नेमका होईल.

आचेहचा विशेष निधी 2027 मध्ये संपायचा आहे, तेव्हा मुदतवाढीची ओढाताण चालू असताना तू तिथे असायला हवंस. त्याआधी बहासा इंडोनेशिया शीक. दुभाषा घेऊन गावात गेलीस तर लोक सरकारी उत्तरंच देतील. वर्ग लावलास की कळव, आणि सुधारलेला आराखडा दिवाळीच्या आत पाठव.

तुझे सर